हाकेला येणारं नाव

नगरजवळ नागापूरच्या बाजूला भाड्याची खोली शोधत हिंडण्याइतकं माणसाला नमवणारं काम दुसरं नसेल. एमआयडीसीतल्या घरमालकांचे प्रश्न ठरलेले असतात. कंपनी कोणती, पाळी कोणती, लग्न झालंय का, पाहुणे फार येतात का, आणि मग इकडचं तिकडचं बोलत बोलत, आडून, आडनाव. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. फाटकाच्या आत उभं राहून, फाटक न उघडता, ते म्हणाले, "नाव?"

मी सांगितलं.

"अर्थ?"

मी रात्रपाळी संपवून तसाच आलो होतो. डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, खोलीबद्दल काहीतरी विचारताहेत. "कशाचा अर्थ?"

"तुमच्या नावाचा. इतकी वर्षं वापरताय, काय वापरताय ते माहीत असेल ना?"

मला माहीत नव्हतं. "मग वडिलांना विचारा," ते म्हणाले. आणि मी खरोखरच कोल्हारला फोन लावला, यावरून मला खोलीची किती निकड होती ते कळावं. वडील रानात होते, मागं मोटार चालू होती. "आरं, आज्यानं ठिवल्यालं हाय ते," वडील ओरडले, "अर्थ कशाला पायजे? नाव हाय, हाका मारायला. तुझी तब्बेत बरी हाय न्हवं?"

फोनमधला आवाज फाटकाच्या आतपर्यंत पोचला होता. गृहस्थ पहिल्यांदाच हसले. "वडील शहाणे आहेत," म्हणाले, "खोली बघून घ्या. अर्थ मी संध्याकाळी सांगतो."

त्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. तिथंच संसार मांडला, तिथंच मुलगी झाली. आता आम्ही दुसरीकडे राहतो, आणि मालकीणकाकू वारल्यावर मुलगा मालकांना पुण्याला घेऊन गेला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. परवानगी न विचारता कुणी नाव वापरलेलं त्यांना खपायचं नाही, आणि परवानगी मागितली तर ते तासभर बोलतील. मला आता तासभर ऐकायचं त्राण राहिलेलं नाही, हे खरं कारण.

ते एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून गाड्या सोडणारा, फलाट सांगणारा, भोंग्यावरून बोलणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. माझं पार्सल आलं की ते फाटकातून पुकारायचे, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि शेवटी "यांनी कृपया फाटकाजवळ यावे." दुपारी झोपलेला मी दचकून उठायचो आणि क्षणभर गाडी चुकल्यासारखं वाटायचं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या जाळीच्या खोलीत तयार झालं होतं. "स्टँडवर माणूस हरवला की नातेवाईक येऊन वर्णन सांगतात," ते म्हणायचे. "पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात पिशवी. भोंग्यावर सांगितलं की अर्धं स्टँड उभं राहतं. पण नाव घेतलं की एकच माणूस उठतो. तिथं मला कळलं, माणसाकडे स्वतःचं असं एवढंच असतं." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की पुढं पुढं मी झोपेतही मान हलवायचो.

दूधवाला, गॅसवाला, भाजीवाली, मीटरचं रीडिंग घेणारा, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. आधी नाव, मग अर्थ. गॅसवाला शेवटी टाकी फाटकाशी ठेवून पळ काढायला लागला. शेजारच्या खोलीत आमच्याच कंपनीतला एक पोरगा राहायचा, त्याला सगळे बंटी म्हणायचे. एकदा कुरिअरवाला बंटीला विचारत आला. मालक म्हणाले, "इथं कोणी बंटी राहत नाही," आणि पार्सल परत गेलं. पोरगा भडकला. मालक शांतपणे म्हणाले, "तुमच्या आईनं बारशाला घुगऱ्या वाटल्या, त्या काही बंटीसाठी वाटल्या नव्हत्या." पोरगा त्याच महिन्यात खोली सोडून गेला. मला त्याचं खरं नाव आजही माहीत नाही, पण मालकांना पक्कं माहीत असणार.

शहराचं नाव बदललं तेव्हा चहाच्या टपरीवर लोक त्यांना मुद्दाम विचारायचे, "साहेब, तुमचं काय मत?" भांडण लागेल, करमणूक होईल, अशी आशा. ते चहा संपवायचे. "पाटी बदलायला एक दिवस लागतो. तोंडात बसायला एक पिढी जाते. कंडक्टर अजून नगर नगर ओरडतात, त्यांची पोरं नवं नाव ओरडतील. मी काही तोपर्यंत चहाला राहणार नाही." एवढं बोलून ते उठायचे.

मालक बौद्ध. विहारात नामकरण असलं की त्यांना बोलावणं यायचं. त्रिशरण पंचशील झालं की नाव तेच सुचवायचे. हळूहळू आमच्यासारखी शेतकरी घरातली माणसंही यायला लागली. कारण नाव ते फुकट द्यायचे, आणि मोबाईलवरच्या नावांचा तोवर सगळ्यांना वीट आला होता. त्यांचं म्हणणं असं की हाक म्हणजेच जप. "तुमचे आजे-पणजे नातवाचं नाव देवाचं का ठेवायचे? देव देव करायला सवड कुठं होती? पोराच्या मागं धावता धावता देवाचं नाव तोंडून जायचं. आमच्यात देव नाही, पण गुण आहेत. मैत्री, करुणा, शील, प्रज्ञा. 'प्रज्ञा, जेवायला ये' असं आई दिवसभर म्हणते, तेव्हा थोडी प्रज्ञा आईच्याही तोंडात राहते." हे मात्र मला पटायचं. थकलेल्या माणसालाही पटावं असं त्यात काहीतरी होतं.

पण नाव सुचवलं म्हणजे झालं, असं नसे. आधी हाक मारून बघायची. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही मोबाईलवरून रिआंशी असं नाव काढलं होतं. ते घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नाक मुरडलं नाही. म्हणाले, "गल्लीच्या टोकाला विजेची डीपी आहे, तिथं जाऊन उभे राहा. बाईंना दारातून हाक मारू दे."

"बाळ तर इथं पाळण्यात आहे," मी म्हणालो, "मी कशाला जाऊ?"

"पाच-सहा वर्षांनी ती तिथंच खेळत असणार. आज तुम्ही तिच्या जागेवर उभे राहा."

मी जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या रस्त्यावरून ट्रक चाललेले. बायको ओशाळली होती, गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिनं हाक मारली असावी, कारण तिचं तोंड हललेलं दिसलं. मालकांनी तिथूनच पुकारलं, "पोचली का?" मी हात हलवून नाही म्हटलं. परत आलो तेव्हा ते बायकोला विचारत होते, "अर्थ काय लिहिलाय?"

"देवाचा अंश."

"कोणत्या देवाचा?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी मोबाईलकडे. मालक पाळण्याशी गेले. मग म्हणाले, "मुक्ता म्हणून बघा. तुमच्यातही चालतं, आमच्यातही चालतं. मुक्ता म्हणजे सुटलेली. कशातून सुटायचं ते तिचं ती ठरवेल." मी पुन्हा डीपीपाशी गेलो. या वेळी हाक ट्रकच्या आवाजातून स्पष्ट आली, आणि माझ्या तोंडून आपसूक "ओ" गेलं. तेच नाव ठेवलं. अजून ती हाकेला येते, कुरकुरत का होईना.

एवढं सगळं नावाचं वेड असलेल्या या माणसाच्या घरात एक बाई होती, आणि तिला नावच नव्हतं. म्हणजे होतं, पण कुणी घेत नव्हतं. आम्ही भाडेकरू त्यांना काकू म्हणायचो. मुलगा फोनवर मम्मी म्हणायचा. मालक "अगं" म्हणायचे. "अगं, ऐकलं का" हे जरा लांबचं नाव, पाहुण्यांसमोरचं. काकू त्यांना "अवो" म्हणायच्या. आपल्याकडे जुन्या जोडप्यांचं असंच असतं, त्यामुळे त्यात काही खटकावं असं मला कधी वाटलं नाही. एकदा माझ्या बायकोनं काकूंना नाव विचारलं. त्या डाळ निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "सुमेधा." रात्री बायको मला म्हणाली, "शेजारणीचं नाव सांगावं तसं सांगितलं हो त्यांनी."

सुमेधा हे नाव मालकांनीच लग्नात ठेवलेलं. उत्तम बुद्धीची, असा त्याचा अर्थ. जुन्या काळातल्या एका भिक्खुणीचं नाव, हेही त्यांनी मला सांगितलं होतं, तासभर.

काकूंचं विसरणं चहापासून सुरू झालं. साखर दोनदा, मग मीठ, मग नुसतंच पाणी. मालक तो चहा निमूट प्यायचे. मग काकू भर दुपारी दाराला कडी लावून बाहेर उभ्या राहायला लागल्या, कुणाची तरी वाट बघत. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की हे वाढतच जाणार. जवळच्यांनी सारखं बोलत राहा, ओळखीच्या गोष्टी सांगा, नावानं हाका मारा.

नावानं हाका मारा. हे त्या डॉक्टरांनी कुणाला सांगितलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. निवडलेली डाळ पुन्हा न निवडलेल्या डाळीत ओतायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. मालक समोर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. भोंग्यावर बोलण्याआधी खाकरतात तसं ते खाकरले.

"सुमेधा."

काकूंनी वर बघितलं नाही.

"सुमेधा," जरा मोठ्यानं. मग ते दारातून म्हणाले. मग फाटकापाशी जाऊन, तिथून. मग रस्त्यात उभं राहून. आम्ही नवरा-बायको आमच्या दारात उभे होतो आणि आम्हाला कुठं बघावं ते कळत नव्हतं. सगळ्या गल्लीला पोचली ती हाक, फक्त ओट्यावर पोचली नाही. इतकी वर्षं मी त्या घरात राहिलो, ते नाव मी त्यांच्या तोंडून हाक म्हणून पहिल्यांदा ऐकलं. बायको म्हणाली, काकूंनीही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

महिनाभर ते रोज असं करत होते. मला ते बघवायचं नाही. मी कामावरून येऊन कूस बदलून झोपायचो, तरी आवाज यायचाच. एका संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. याआधी ते कधी भाडेकरूच्या पायरीवर बसले नव्हते.

"बावीस-तेवीस वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "बौद्धाचार्यांनी मांडवात नाव जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला केवढा अभिमान वाटला. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं? घरात आई होती, वडील होते. मोठ्यांसमोर बायकोला नावानं कोण हाक मारतं? ती दोघं गेली तोवर पोरं झाली होती. मग सवयच झाली. पाटी लावली हो मी. पण गाडी कधी सोडलीच नाही."

मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी चहा विचारला. ते नको म्हणाले आणि बसून राहिले.

मग घोडेगावहून काकूंचे थोरले भाऊ आले. काठी टेकत, धोतर सावरत ते फाटकातून आत आले आणि ओट्याकडे बघून म्हणाले, "कचरे, वळखलं का?"

काकूंनी मान वर केली. एवढ्या दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला आम्ही बघितला नव्हता. "आला व्हय रं भाऊ?" त्या म्हणाल्या. "बस की."

मालक ताडकन उठून आत निघून गेले. भाऊंना पाणी द्यायला माझी बायको गेली, तिच्या मागं मीही गेलो. मालक बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "माझ्या घरात ते नाव घ्यायचं नाही," ते म्हणाले.

"दाजी," भाऊ म्हणाले, "ऱ्हाग धरू नका. माज्यामागं आईची दोन लेकरं गेली. मंग ही झाली. आईनं ही बी जाईल म्हनून हिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठिवली. शेजारनीनं उचलली, आन आईनं पसाभर जवारी दिऊन परत घेतली. सटवाईला वाटावं, ह्ये केर हाय, ह्याला काय न्यायाचं. म्हनून कचरा. नाव वंगाळ हाय, खरं हाय. पर लई मागून घेतल्याली पोर हाय ती."

"हे मला माहीत आहे," मालक म्हणाले. "मी लोकांना नावांचे अर्थ सांगतो, मला हे माहीत नसेल? माझ्या वडिलांचं नाव कचरू होतं. तेही असेच उकिरड्यावरून उचललेले. पण गावानं त्यांना हाक मारली, तेव्हा त्यात आजीची माया नव्हती, भाऊ. पाटलाचं पाच वर्षांचं पोरगं माझ्या म्हाताऱ्या बापाला 'ए कचऱ्या' म्हणायचं, आणि बाप पळत जायचा. मी बघत उभा असायचो. धर्मांतर केलं तेव्हा वडिलांनी सगळं सोडलं, फक्त नाव सुटलं नाही. लोकांनी सुटू दिलं नाही. मी लग्न ठरवतानाच ठरवलं होतं, माझ्या बायकोला ही हाक कुणी मारणार नाही."

भाऊंनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुमचं बरूबर हाय." त्यांनी पुन्हा ते नाव घेतलं नाही. पण जाताना म्हणाले की, चार दिवस तिला माहेरी नेतो, माणसं ओळखीची आहेत, तिला बरं वाटेल. मालक कसेबसे तयार झाले.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मी रात्रपाळी करून नुकताच आडवा झालो होतो, तर मालक दारात. पायात चप्पल नाही. घोडेगावहून फोन आला होता, काकू सकाळपासून घरात नाहीत. आणि आज तिथं जनावरांचा बाजार.

मी मोटरसायकल काढली. वाटेत ते माझ्या मागं बसून एकच म्हणत होते, "रस्ता आहे हो तिथं. मोठा रस्ता आहे बाजाराशेजारी." मला झोपेनं गरगरत होतं आणि भीतीनं झोप उडत होती. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

घोडेगावच्या बाजारात माणूस शोधायचा म्हणजे काय, हे ज्यानं तो बाजार बघितलाय त्याला कळेल. म्हशींच्या रांगा, बैलांच्या रांगा, शेळ्या, टेम्पो, व्यापारी, धूळ, आणि पलीकडं सारखा वाहता हमरस्ता. घरची पोरंटोरं सगळीकडं पांगली होती. भाऊ बाजार समितीच्या कचेरीपाशी काठीवर भार देऊन उभे होते. तिथं भोंगा होता. मालकांनी माईक मागून घेतला.

त्यांचा आवाज बाजारभर गेला तेव्हा व्यापारीसुद्धा वळून बघायला लागले. इतकं स्वच्छ बोलणं त्या भोंग्यावरून कधी आलं नसेल. काकूंचं पूर्ण नाव, वय, हिरवं लुगडं, आणि "जिथे असाल तिथून कृपया कार्यालयाजवळ यावे." तेच पुन्हा. आणि पुन्हा. रस्त्याच्या बाजूला कुठंतरी गाडीचा करकचून ब्रेक लागला, तसे ते मध्येच थांबले. काही झालं नव्हतं. एक शेळी आडवी आली होती.

भाऊ जवळ आले. "दाजी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमचा बा हितं व्यापाऱ्यांची जनावरं राखायचा. ही बारकी असताना त्याच्यासंगं यायची. बाजार उठला की बा हाक मारायचा, मग ही जिथं असंल तिथनं पळत यायची. ती हितंच हाय कुटंतरी. पर तुमी जिला बलावताय तिला ती वळखत न्हाई."

मालकांनी माईक खाली ठेवला. "भोंग्यावरून नाही," एवढंच म्हणाले आणि म्हशींच्या रांगेत शिरले. मी मागं मागं. पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं, ते मलाच कसंबसं ऐकू आलं. ओठ हलले, एवढंच. दुसऱ्यांदा आवाज फुटला, पण चिरका. मग ते थांबले, डोळे मिटले, आणि ज्या आवाजानं आयुष्यभर गाड्या सोडल्या त्या आवाजात ओरडले, "कचरे! ए कचरे!"

आजूबाजूची माणसं थबकली. एक तरणा व्यापारी पुढं आला. "ओ बाबा, बाईमानसाला कचरा म्हन्ता? वयाकडं बघा जरा सोताच्या." मालकांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बापाला ज्या हाकेनं पळवलं गेलं तीच हाक ते भर बाजारात मारत होते, आणि त्यांचं तोंड रडणाऱ्या लहान मुलासारखं वाकडं झालं होतं. माझ्या आयुष्यात मी इतका हतबल माणूस बघितलेला नाही. "कचरे! ए कचरे!"

"आले, आले," असा आवाज आला. "वरडताय किती."

एका टेम्पोच्या सावलीत, रस्त्यापासून चार पावलांवर, म्हशी विकायला आलेल्या एका बाईजवळ काकू भाकरी खात बसल्या होत्या. त्या उठल्या, लुगडं झटकलं, आणि लगबगीनं आल्या. मालकांसमोर येऊन त्यांनी त्यांची करंगळी धरली.

"बा," त्या म्हणाल्या, "उठला का बाजार?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग भाऊंकडं. पन्नासेक वर्षं जी भाषा त्यांनी तोंडातून काढून टाकली होती, तीच त्यांच्या तोंडी आली. "व्हय," ते म्हणाले. "उठला. चल, घरला जाऊ."

त्यानंतर काकू घरीच होत्या आणि मालक त्यांना त्याच नावानं हाक मारायचे. गल्लीला आधी ते चमत्कारिक वाटलं. ज्या माणसानं बंटीला बंटी म्हणू दिलं नाही, तो बायकोला कचरा म्हणतो, असं लोक हसून बोलायचे. मी एक-दोघांना समजावून सांगितलं, मग कंटाळून सोडून दिलं. काही दिवसांनी मामाकडून मुलाला कळलं. त्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. मालकांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"पप्पा, हे काय ऐकतोय मी?" मुलगा रागावलेला होता आणि रडवेलाही. "तुम्हीच आम्हाला आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. शाळेत कुणी चिडवलं तर नाव सोडू नका म्हणालात. आणि आता मम्मीला... तिला काही समजत नाही म्हणून? तिची काही इज्जत आहे की नाही?"

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "एकूण एक शब्द बरोबर आहे. तिचं नाव सुमेधा आहे, तिच्या कागदावर तेच लागेल. मी ते फार उशिरा घेतलं, हा गुन्हा माझा."

मग त्यांनी फोन कानापासून लांब, आतल्या खोलीच्या दिशेनं धरला आणि हाक मारली, "कचरे!"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आले, बा," काकू म्हणाल्या, आणि त्यांची पावलं फरशीवरून घासत घासत बाहेर यायला लागली.

मालकांनी फोन पुन्हा कानाशी नेला.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "आली."